३६ वर्षांचा स्टॉपर घ्यावा का, आणि तोही आपला डावा बॅक देऊन?

मैदानवाला_नेरुळ | सोमवार, रात्री १०:१५

मंडळी, ट्रान्सफरची मुदत तोंडावर आलीय. ग्रुपवर या विषयावर नुसते अंगठे आणि व्हॉइस नोट पडतायत, धड चर्चा होत नाही, म्हणून इथे धागा काढतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ठाण्याच्या एका फुटबॉल क्लबने आपल्याला विचारलंय की त्यांचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू (सेंटर बॅक), आपण घ्यायचा आणि बदल्यात आपला सीवूड्सचा डावा बॅक त्यांना द्यायचा. दोन्हीकडून एनओसी, विषय संपला. स्टॉपर ३६ वर्षांचा आहे. नाव लिहीत नाही, पण कूपरेजला मॅच बघणाऱ्या कुणालाही कळेल. बरीच वर्षं ऑफिसच्या संघातून खेळला. उजव्या गुडघ्याचं एसीएलचं (आतल्या लिगामेंटचं) ऑपरेशन झालंय, त्याच वेळी मेनिस्कसचंही (हाडांमधल्या गादीचंही) काम झालं. शिवाय लाल कार्डांचा इतिहास आहे. आपला पोरगा १९ चा आहे, अंडर-१३ पासून आपल्याकडे यशवंतराव चव्हाण मैदानावर वाढलेला.

आता गरज का आहे ते सांगतो. गेल्या मोसमात आपण हरलो ते गोल न झाल्यामुळे नाही, शेवटच्या पंधरा मिनिटांत गोल खाल्ल्यामुळे. बांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा टर्फवरचा तो कॉर्नर आठवा. बॉल जवळच्या पोस्टकडे आला, आपले दोन्ही सेंटर बॅक एकाच माणसावर गेले आणि त्यांचा तिसरा सहा यार्डांच्या रेषेवर एकटा उभा. उडीसुद्धा मारावी लागली नाही त्याला. आपल्यातल्या एकानेही तोंड उघडलं नव्हतं. मागची चारही पोरं वेगवान आहेत, जीव तोडून धावतात, पण चौघंही मुकी आहेत.

आणि हा माणूस आपल्याविरुद्ध मैत्रीच्या सामन्यात खेळला तेव्हा मी टचलाइनला उभा राहून फक्त त्यालाच बघत होतो. आपल्या विंगरकडे बॉल पोचायच्या आधीच त्याचं अंग अर्धं वळलेलं असायचं. डावा तळहात मागे करून तो स्वतःच्या बॅकला दोन पावलं मागे घ्यायचा, मग एकदम 'वर!' म्हणून ओरडायचा आणि आपला स्ट्रायकर ऑफसाइड. पुन्हा तेच, पुन्हा तेच. पूर्ण सामन्यात त्याला जीव खाऊन धावताना मी क्वचितच पाहिलं.

मोठ्या फुटबॉलमधलं उदाहरण डोळ्यांसमोर आहेच. ब्राझीलचा सेंटर बॅक थिआगो सिल्वा २०२० च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या चेल्सीला आला तेव्हा ३५ चा होता, करार एका वर्षाचा, ट्रान्सफर फी शून्य. लीगमधल्या पहिल्याच सामन्यात वेस्ट ब्रॉमविरुद्ध त्याच्या पायातून बॉल निसटला आणि गोल बसला. लोकांनी लगेच म्हातारा ठरवला. पुढच्या मे महिन्यात चेल्सीने चॅम्पियन्स लीग जिंकली. त्या फायनलमध्येसुद्धा तो दुखापत होऊन ३९ व्या मिनिटाला बाहेर गेला, हेही खरं. पण संपूर्ण मोसमात त्याने मागची फळी जी बांधली ती तिथेच राहिली. नंतर तो २०२४ पर्यंत खेळला तिथे.

माझं मत स्पष्ट आहे: घ्यावा. पण पोरगा देऊन नाही. पोरगा दिल्याशिवाय ते सोडणार नसतील तर काय करायचं, यावर तुमची मतं हवीत.

---

कीपर_कोपरखैरणे | सोमवार, रात्री १०:४८

मागून ओरडून ओरडून माझा घसा बसतो. कीपरचा आवाज बॅकच्या पाठीवर पडतो, त्यांना वळून बघायला वेळ नसतो. त्यांच्याच रेषेतला एक माणूस बोलणारा हवा. मला तो हवाय.

---

ऐरोली_रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ४:०५

माझं मत विरोधात आहे, आणि कारण जरा लांबून येतं. माइंडस्पेस आयटी पार्कला अमेरिकन क्लायंटची शिफ्ट असल्यामुळे त्यांचं फुटबॉल, म्हणजे एनएफएल, बरीच वर्षं बघतोय. 'अनुभवी पण धोक्याचा डिफेंडर घ्यावा का' हा वाद तिथे दर मोसमात होतो, कारण तिथे खेळाडू विकत घेत नाहीत, अदलाबदल करतात. बदल्यात खेळाडू तरी द्यायचा, नाहीतर ड्राफ्टमधली आपली पाळी, म्हणजे कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू निवडायचा हक्क. थोडक्यात, आजच्या म्हाताऱ्यासाठी उद्याचा तरुण. आपल्यापुढे आहे ते अगदी हेच आहे.

दोन सौदे बघा. २०२१ च्या १ नोव्हेंबरला लॉस एंजेलिस रॅम्सने डेन्व्हरकडून वॉन मिलरला घेतलं. वय ३२, आधीचा अख्खा २०२० चा मोसम घोट्याच्या दुखापतीने गेलेला. बदल्यात पुढच्या ड्राफ्टमधल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या पाळ्या दिल्या. फेब्रुवारीत रॅम्सने सिनसिनाटीला २३-२० ने हरवून सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल, जिंकला, त्यात मिलरने दोनदा क्वार्टरबॅकला (बॉल फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला) पाडलं. लोकांना एवढंच आठवतं. पण दोन गोष्टी विसरू नका. त्याच्या त्या वर्षाच्या उरलेल्या पगाराचा बहुतेक भाग डेन्व्हरनेच भरला होता. आणि रॅम्स आधीच जिंकण्याच्या उंबरठ्यावर होते, एक माणूस कमी होता. मार्चमध्ये मिलर बफेलोकडे निघून गेला आणि नोव्हेंबरमध्ये त्याचं एसीएल फाटलं.

दुसरा सौदा डॅरेल रेविसचा. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये त्याचं एसीएल फाटलं. तरी २०१३ च्या एप्रिलमध्ये टँपा बेने त्याच्यासाठी न्यूयॉर्क जेट्सला पहिल्या फेरीतली १३ वी पाळी दिली, वर पुढच्या वर्षीची आणखी एक. रेविस खेळला, वाईट खेळला असंही नाही. पण टँपाने तो मोसम ४ जिंकून १२ हरून संपवला आणि पुढच्या मार्चमध्ये त्याला सोडून दिलं. तो न्यू इंग्लंडला गेला आणि तिथे सुपर बोल जिंकला. म्हणजे माणूस चांगलाच होता, चुकीच्या वेळी चुकीच्या संघाने घेतला.

आपण रॅम्स आहोत की टँपा? मला तरी आपण टेबलच्या मध्यावरचा, पोरं घडवणारा संघ वाटतो. एक स्टॉपर आला म्हणून आपण वरच्या डिव्हिजनला जात नाही.

---

पामबीच_पश्चिम | मंगळवार, सकाळी ९:२०

@ऐरोली_रात्रपाळी, माहिती उत्तम, पण इतकं लांब कशाला जायचं? आपल्याच मुंबई सिटीकडे बघा.

तिरी आठवतोय ना? २०२१ ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) फायनल, फातोर्डा, १३ मार्च. तो तेव्हा एटीके मोहन बागानकडून खेळत होता. डेव्हिड विल्यम्सने त्यांना पुढे नेलं, मग तिरीचाच स्वयंगोल झाला आणि मुंबई बरोबरीत आली. ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगने कप आपल्याकडे आणला. पुढे २०२२ च्या मे मध्ये गोकुलमविरुद्ध एएफसी कपच्या सामन्यात तिरीचं एसीएल गेलं. पुढचा अख्खा मोसम बाहेर. आणि अशा माणसाला, बत्तिशीतल्या, वर्षभर न खेळलेल्या परदेशी सेंटर बॅकला, २०२३ मध्ये मुंबईने घेतलं. त्या वेळी किती जण नाराज होते ते आठवून बघा. २०२४ च्या ४ मे ला सॉल्ट लेकवर मोहन बागानलाच ३-१ ने हरवून मुंबईने पुन्हा कप घेतला.

उलट उदाहरणही आपल्याच लीगमधलं देतो, नाहीतर म्हणाल एकाच बाजूचं बोलतोय. ब्राझीलचा लूसिओ, २००२ चा विश्वविजेता, २०१५ मध्ये गोव्याकडे आला तेव्हा ३७ चा होता. गोवा फायनलपर्यंत गेलं. ८७ व्या मिनिटाला २-१ ने पुढे होतं. तिथून चेन्नईयिनने ३-२ ने सामना काढला. मागे एवढा मोठा माणूस उभा असूनही शेवटची पाच मिनिटं निसटली. नुसत्या नावाने मागची फळी बंद होत नाही.

तरी माझं मत घ्या असंच. डी. वाय. पाटीलला पहिल्या मोसमात मॅन्युएल फ्रीडरिशला खेळताना पाहिलंय मी, जर्मनीचा माजी सेंटर बॅक. त्याच्या शेजारी खेळणारी आपली पोरं काही महिन्यांतच वेगळी उभी राहायला लागली होती.

---

सीवूड्सची_ताई | मंगळवार, दुपारी १:३५

मी इथे फारसं लिहीत नाही. ज्या डाव्या बॅकबद्दल बोलणं चाललंय त्याची मी मोठी बहीण.

माझी एकच विनंती आहे. त्याला ही गोष्ट ग्रुपवरच्या फॉरवर्ड मेसेजमधून कळली. आई-बाबांना माझ्याकडून. एनओसीवर सही त्याची लागते ना? मग पहिला फोन त्याला जायला हवा होता.

तो ठाण्याला जायला तयार नाही असंही मी म्हणत नाही. कदाचित तिथे त्याला रोज खेळायला मिळेल, कदाचित ते वरच्या डिव्हिजनला असल्यामुळे त्याचं भलंही होईल. पण त्याचं दुसऱ्या वर्षाचं कॉलेज नेरुळला आहे. सकाळी सहाची प्रॅक्टिस ठाण्याला असेल तर त्याला पहिल्या लोकलने निघावं लागेल आणि परत येऊन लेक्चर गाठावं लागेल. हे सगळं कुणी त्याच्याशी बोलायला हवं. 'बदल्यात एक पोरगा' असं लिहिलेलं वाचलं की त्रास होतो. घरी त्याचे बूट मी धुते, मला माहीत आहे तो किती मनापासून खेळतो.

---

मैदानवाला_नेरुळ | मंगळवार, दुपारी २:१०

ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. आज संध्याकाळी मी स्वतः त्याला आणि तुमच्या वडिलांना भेटायला येतो. त्याची इच्छा कळल्याशिवाय कमिटीत या विषयावर मतदान होणार नाही, हे मी लेखी टाकतो.

---

जुना_स्टॉपर_ठाणे | मंगळवार, रात्री ९:००

पोरांनो, मी स्वतः स्टॉपर खेळलो आहे, ऑफिसच्या संघातून, चिखलात, भर पावसात. त्यामुळे थोडं अधिकाराने बोलतो.

डिफेंडरचं वय वेगळं मोजावं लागतं. विंगरची गती गेली की त्याचा अर्धा खेळ गेला. स्टॉपरची गती गेली तर त्याला दोन पावलं आधी निघावं लागतं, आणि आधी निघायचं कधी हे शिकायलाच मुळात दहा-पंधरा वर्षं जातात. पेपे २०२४ च्या युरोमध्ये ४१ व्या वर्षी पोर्तुगालच्या मागे उभा होता, तो काय धावून?

पण एक धोका आहे, आणि तो गुडघ्यात नाही. ज्या स्टॉपरला आपण हळू झालोय हे मान्य नसतं तो उशिरा टॅकल करतो. उशिरा टॅकल म्हणजे कार्ड. या माणसाची लाल कार्डं मी बघितली आहेत. त्यातली निम्मी तरी रेफ्रीशी वाद घालून आहेत, टॅकलने नाहीत. वाद घालणाऱ्याला आवरता येतं, कॅप्टनने मध्ये पडायचं, विषय संपतो. उशिरा टॅकल करणाऱ्याला आवरता येत नाही. म्हणून ट्रायलला त्याचे पाय बघू नका, तो चुकतो तेव्हा काय करतो ते बघा. बॉल त्याच्या मागे गेला की तो वळून धावतो, की समोरच्याचा शर्ट धरतो? शर्ट धरला तर घेऊ नका.

आणि दुसरं. तरुण देऊन म्हातारा घ्यायची चूक मँचेस्टर युनायटेडच्या फर्ग्युसनसारख्या मॅनेजरनेही केलीय. २००१ च्या ऑगस्टमध्ये याप स्टाम लॅझिओला विकला, २९ वर्षांचा, आणि ३५ वर्षांचा लॉराँ ब्लाँ आणला. ब्लाँ काही लहान खेळाडू नव्हता, विश्वविजेत्या फ्रान्सचा. तरी त्या मोसमात युनायटेड तिसरे आले. पुढच्या वर्षी त्याच ब्लाँला घेऊन त्यांनी लीग जिंकली, हे न्यायाने सांगायला हवं. पण स्टामला सोडणं चुकलं, हे फर्ग्युसनने नंतर स्वतः कबूल केलं. ब्लाँला आणण्याबद्दल तक्रार कुणीच करत नाही. स्टामला का दिलं, हा प्रश्न उरतो.

---

फिजिओ_खारघर | मंगळवार, रात्री ११:२०

सगळे 'गुडघा गेलेला' म्हणतायत, म्हणून या विषयावर जरा नीट लिहिते. रोज असेच गुडघे बघते.

एसीएल हे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट. दिशा बदलताना, उडी मारून उतरताना ते नडगीच्या हाडाला पुढे सरकू देत नाही. ऑपरेशननंतर किमान नऊ महिने सामना खेळू नये असं आम्ही सांगतो, त्याआधी परतणाऱ्यांमध्ये पुन्हा दुखापतीचं प्रमाण बरंच जास्त असतं. या खेळाडूची ती मुदत केव्हाच उलटून गेलीय. आणि बहुतेकांना माहीत नसतं ते हे, की एसीएल पुन्हा फाटण्याचा धोका विशीच्या आसपासच्या मुलांना जास्त असतो, पस्तिशीतल्या माणसाला तुलनेने कमी. तेव्हा 'पुन्हा फाटेल' ही तुमची भीती मला एवढी मोठी वाटत नाही.

मला भीती मेनिस्कसची आहे. त्याचं 'काम झालं' म्हणजे काय झालं? शिवलाय की फाटलेला भाग कापून काढलाय? मेनिस्कस ही दोन हाडांमधली गादी आहे. कापली असेल तर भार थेट कूर्चेवर येतो आणि ती झिजत जाते. अशा गुडघ्याने एक सामना उत्तम खेळता येतो. प्रश्न असतो तो दुसऱ्या दिवशी सकाळचा. सामन्यानंतरच्या सकाळी गुडघा सुजलेला असेल, वाटीच्या बाजूचे खळगे भरलेले दिसत असतील, तर त्या गुडघ्याला आठवड्यातून दोन सामने झेपणार नाहीत, मग तो कितीही धडधाकट दिसो.

म्हणून ट्रायल घ्यायची तर दोन दिवसांची घ्या. पहिल्या दिवशी खेळवा, दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुडघा बघते. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या ९० टक्के तरी हवी. एका पायावर लांब उडी, मग एका पायावर सलग तीन उड्या, दोन्ही पायांची अंतरं मोजायची. उतरताना गुडघा आत कोसळतो का ते बघायचं. एवढ्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत, मोजपट्टी आणि मोबाइलचा कॅमेरा पुरतो.

आणि आपल्या टर्फबद्दल. जुन्या टर्फची रबराची भर उडून गेलेली असते, खाली जमीन कडक लागते. त्याला टर्फवर रोज सराव करायला लावू नका. टॉटनहॅमचा लेडली किंग आठवड्याभर सरावच करायचा नाही, पोहायचा आणि सामन्याला उतरायचा, कारण गुडघ्यात कूर्चाच उरली नव्हती. तरी कॅप्टन होता. तसं चालवून घ्यायची आपल्या कोचची तयारी आहे का? इतर पोरांना ते पटेल का?

(जाता जाता: फिफाचा ११ प्लस वॉर्म-अप वीस मिनिटांचा आहे, फुकट आहे, दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी करतो, आणि आपला संघ अजूनही दोन राउंड मारून खेळायला लागतो. आधी ते सुरू करा.)

---

कीपर_कोपरखैरणे | बुधवार, सकाळी ७:०५

+१ ११ प्लसला.

---

हिशेबनीस_वाशी | बुधवार, सकाळी १०:३०

मला कुणाचंच मन मोडायचं नाही, पण पैशाचं कुणीतरी बोलायला हवं. त्याने मागितलेलं मानधन आपण दिलं तर अंडर-१३ आणि अंडर-१५ च्या टर्फ भाड्याचे पैसे कुठून आणायचे ते मला सांगा. पावसाळ्यात मैदान बंद असतं, टर्फशिवाय पर्याय नसतो. गेल्या वर्षी एका पालकाने दिलेल्या देणगीवर ते महिने निघाले. दरवर्षी असं कुणी भेटेलच असं नाही.

ऐरोलीवाल्यांनी सांगितलेला मुद्दा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आहे. डेन्व्हरने पगार भरला. ठाण्याच्या क्लबला हा माणूस मानधनासकट नकोय म्हणूनच ते सोडतायत. मग निम्मं त्यांनी भरावं. नाहीतर सामन्यामागे पैसे, खेळला तर मिळतील, बसला तर नाही. दुखापतीचा विमा कुणाच्या नावाने, हेही आधी ठरवा.

---

मुलांचा_कोच_सानपाडा | बुधवार, दुपारी ४:५०

मानधनावर एक उपाय सुचतो. त्याला फक्त खेळाडू म्हणून घेऊ नका. आठवड्यातले दोन दिवस अंडर-१५ च्या बॅक लाइनला शिकवायचं असं ठरवा. आपल्याकडे डिफेन्स शिकवणारं कुणीच नाही. आम्ही सगळे ड्रिबल आणि शूटिंग शिकवतो, कारण मुलांना तेच आवडतं आणि आम्हालाही तेच येतं. मग १६ व्या वर्षी पोरगा बॅकला येतो तो तिथे जागा रिकामी असते म्हणून. चौघांनी एका दोरीने बांधल्यासारखं सरकायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मात्र चांगला खेळाडू म्हणजे चांगला शिक्षक असं गृहीत धरू नका. एआयएफएफचा (भारतीय फुटबॉल महासंघाचा) डी लायसन्सचा, म्हणजे कोचिंगच्या परवान्याचा, कोर्स करायला त्याची तयारी आहे का ते विचारा. त्याच्या उत्तरावरून पुष्कळ कळेल. इथे राहायचंय की फक्त शेवटचा मोसम काढायचाय, ते.

---

ऐरोली_रात्रपाळी | बुधवार, रात्री १२:४०

कोच, हा मुद्दा मी धरला नव्हता. तो शिकवणार असेल तर आपण देतोय ते पैसे फक्त एका मोसमासाठी राहत नाहीत. पण मग पोरगा द्यायचा प्रश्न आणखीच वाकडा होतो. ज्या डाव्या बॅकला या माणसाच्या शेजारी खेळून सगळ्यात जास्त शिकता येईल, त्यालाच आपण पाठवणार?

अदलाबदलीला माझा विरोध कायम. बिनअदलाबदलीच्या कराराला, निम्मं मानधन त्यांच्याकडून येत असेल तर, माझी हरकत नाही.

---

सीवूड्सची_ताई | गुरुवार, सकाळी ८:१५

परवा संध्याकाळी मैदानवाला काका घरी येऊन गेले. भावाने त्यांना सांगितलं ते इथेही लिहायला सांगितलंय. त्याला या मोसमात नेरुळलाच खेळायचं आहे. पुढच्या वर्षी कॉलेज संपल्यावर कुणी बोलावलं तर तो विचार करेल. आणि त्या स्टॉपरच्या शेजारी खेळायला मिळालं तर त्याला खूप आवडेल, त्याचे व्हिडिओ तो बघतो.

---

जुना_स्टॉपर_ठाणे | गुरुवार, सकाळी ११:००

शाब्बास. मग आता ठाण्याच्या क्लबला काय उत्तर देणार? त्यांना डावा बॅक खरंच हवाय, त्यांचा बॅक नोकरीसाठी पुण्याला गेला आहे एवढं मला माहीत आहे. 'पोरगा नाही' म्हटल्यावर ते म्हाताऱ्याला घरी बसवतील पण फुकट सोडणार नाहीत. अशी माणसं मी बघितली आहेत, एनओसी अडवल्यामुळे शेवटचा मोसम घरी काढलेली. क्लब आपल्या जागी बरोबर असतो, माणसाचं वर्ष मात्र जातं. त्यांना दुसरं काहीतरी द्या.

---

मैदानवाला_नेरुळ | गुरुवार, रात्री ९:४५

काल रात्री आणि आज मिळून कमिटीतल्या सगळ्यांशी बोललो. जे ठरलं ते सांगतो.

पोरगा जाणार नाही. मतदान झालं नाही, गरजच पडली नाही.

ठाण्याच्या क्लबला आपण आपला दुसरा डावा बॅक, जो गेल्या मोसमात बेंचवर होता, एका मोसमासाठी लोनवर देऊ केला आहे. आधी त्याला विचारलं, तो घोडबंदर रोडला राहतो आणि त्याला तिथे जायचंच आहे. नेरुळला यायला त्याला रोज जीव नकोसा होत होता. त्यांनी 'बघतो' म्हटलंय, नाही म्हटलेलं नाही. स्टॉपरशीही फोनवर बोललो. मानधन सामन्यामागे चालेल म्हणाला. शिकवायचं विचारलं तर थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला की त्याला आजपर्यंत कुठल्याच क्लबने हे विचारलं नव्हतं. डी लायसन्सची फी कोण भरणार, हेही त्यानेच विचारलं. मला ते आवडलं.

ट्रायल शनिवार-रविवार. शनिवारी अकरा विरुद्ध अकरा, तो पहिला हाफ आपल्या चार पोरांबरोबर खेळेल. ठाण्याचे स्टॉपर काका, तुम्ही या, तो चुकतो तेव्हा काय करतो ते बघायला मला तुमचेच डोळे हवेत. हिशेबनीस, विम्याचा फॉर्म तेवढा घेऊन या.

सूज आली तर नाही म्हणायचं, मग तो शनिवारी कितीही भारी खेळलेला असो. हे मी आत्ताच लिहून ठेवतोय, कारण शनिवारी संध्याकाळी आपण सगळे हरखून गेलेले असू.

---

जुना_स्टॉपर_ठाणे | गुरुवार, रात्री १०:२०

येतो. पण तुमच्या करारात एक ओळ घाला: रेफ्रीशी वाद घालून कार्ड घेतलं तर त्या सामन्याचे पैसे नाहीत. टॅकलच्या कार्डाला ही अट लावू नका, नाहीतर तो पाय मागे घ्यायला लागेल आणि मग त्याला घेऊन उपयोग काय?

---

हिशेबनीस_वाशी | गुरुवार, रात्री १०:३५

ओळ घातली.

---

फिजिओ_खारघर | गुरुवार, रात्री ११:१०

रविवारी सकाळी आठला येते. त्याला सांगा, एमआरआयचा नुसता रिपोर्टचा कागद नको, फिल्म किंवा सीडी आणि ऑपरेशनची नोट आणायची. मेनिस्कसचं नक्की काय केलं ते त्या नोटमध्ये लिहिलेलं असतं. आणि शनिवारी खेळल्यावर रात्री सूज उतरवायची गोळी घेऊ नकोस म्हणावं, नाहीतर मला सकाळी काही दिसणार नाही.